दुधातला मासा

दुपारचे तीन, आणि खिडकीतला दिवस संपलेला.
पिएलिनेन तळ्यावर बर्फ आता इतका धरलाय
की पलीकडचा एस्को घसरगाडी ढकलत थेट त्यावरून येतो,
दाराशी सॅमन ठेवतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, शेपूट बाहेर,
आणि आत न येता जातो.
माणूस गेलेल्या घरात काय बोलावं, ते इकडे कुणाला येत नाही.
मासा ठेवता येतो.

मी वही उघडते.
योएन्सूच्या संध्याशाळेतले दोन हिवाळे,
दर मंगळवारी भरलेली पानं:
थंडी बाहेरून कड्या लावते,
अग्नी पोटात कोंडतो, बळावतो.
त्याला जड द्या, स्निग्ध द्या, गोड द्या, ऊन ऊन द्या.
नाही दिलंत, तर तो घरच जाळायला घेतो.
आधी रस, मग रक्त, मग मांस,
इथे रित्वाबाईंचा खडू मोडला होता.

पुढचं मी बाबांच्या हातावर वाचते.
घड्याळ हल्ली कोपरापर्यंत सरकतं.

आई ऑगस्टात गेली, ऐन बिलबेरीच्या दिवसांत.
तेव्हापासून हे रायच्या पावाच्या कडा चावतात,
काळी कॉफी पितात,
आणि रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकतात.
समुद्र इथून तीनशे किलोमीटर.
रूक्ष, शीत, लघु, चल.
परीक्षेसाठी पाठ केले होते वाताचे गुण;
ते खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत असतात,
हे कुठे ठाऊक होतं.

म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी मी तयारीनिशी आले.
लोणी कढवलं.
बाबा आतून म्हणाले, "काहीतरी करपलं."
गाजराच्या भाजणीत आलं किसलं,
बिटाच्या गारढोण कोशिंबिरीला सुट्टी दिली,
बीट वाफवून वर जिऱ्याची फोडणी.
वेलदोडे बरोबर आणलेले, उगाच आणलेले.
आईच्या पत्र्याच्या डब्यात होते की, गोड पावासाठी,
तिच्या आईच्याही डब्यात असायचे.
त्या दोघींना कुणी शिकवलं, कुणास ठाऊक.
मी तर फी भरली होती.

राहिलं सणाचं सार.
वहीत लाल रेघेखाली: मासा आणि दूध, कधीही एकत्र नको. विरुद्ध.
आणि आईचं सार म्हणजे
बटाटा, सॅमन, ऑलस्पाइसचे सात दाणे, मूठभर शेपू,
आणि शेवटी दूध, पातेलं भरेल इतकं.

मी दूध वगळलं. चिमूटभर हळद टाकली.
बाबांनी चमचा बुडवला, वर धरला,
पिवळं पाणी थेंब थेंब खाली पडू दिलं.
"हेल्वी तापातसुद्धा असलं करत नव्हती."
मग टॉवेल खांद्यावर टाकून सौनाकडे गेले.
अंगणात त्यांचा कंदील लांब लांब होत गेला.

स्वेदन, मी मनाशी म्हटलं.
निदान तेवढं तरी वहीप्रमाणे चाललंय.

ताट झाकून मी पानं उलटत बसले.
शेवटून तिसऱ्यावर, पेन्सिलीने, वाकड्या अक्षरात,
बस चुकेल म्हणून घाईत लिहिलेलं:
सात्म्य. जे अंगवळणी पडलंय,
ते विरुद्ध असलं तरी सहसा बाधत नाही.
खाली रेघ नव्हती.
परीक्षेला येणार नाही, असं वाटलं असावं.

अठ्ठ्याहत्तर नाताळ. त्यातले एक्कावन्न हेल्वीच्या हातचे.
मी गॅस बारीक केला.
दूध धारेने सोडलं, सावकाश, उतू जाऊ न देता;
हळदीने ते लोण्यासारखं पिवळट झालं.
ऑलस्पाइसचे दाणे मोजून सात. आठवा परत डब्यात.

बाबा आले ते लालबुंद, भुवयांतून वाफ निघतेय.
बसले. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.
एक वाटी.
मग पावाचा तुकडा पुढे करून,
"ते करपलेलं लोणी आहे का अजून?"
दुसरी वाटी.

रेडिओ कुणीच लावला नव्हता.

"शेपू कमी पडलाय," ते म्हणाले.

चार महिन्यांत त्यांनी कशाला तरी नाव ठेवलं.
मी सुरी घेतली,
आणि शेपू चिरायला उठले.